कागदावरचे एकक आणि चिपाडातली साखर : ‘सेलिक सीटेक२’ वापरून पाहिल्यानंतर

साखर कारखान्यातल्या माणसाच्या लेखी चिपाड म्हणजे इंधन. गाळपातून निघालेले चिपाड पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जाते, त्याच्या वाफेवर कारखाना आणि सहवीजनिर्मितीचा संच दोन्ही चालतात, आणि हंगाम उलटल्यावर आवारात जो ढीग उरतो त्याचा व्यवहार बहुधा कागद गिरणीशी होतो. या उरलेल्या चिपाडातून इथेनॉल निघेल का, आणि निघाले तर जमाखर्च जुळेल का, असा प्रश्न आमच्या डिस्टिलरीच्या व्यवस्थापनाने दोन हंगामांपूर्वी विचारला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या आम्हा तिघांपैकी कोणाकडेही त्याचे उत्तर नव्हते. उत्तर शोधण्यासाठी जे साहित्य विकत घेतले त्यात सर्वांत महाग वस्तू होती ती ‘सेलिक सीटेक२’ नावाच्या एन्झाइम-मिश्रणाची एक बाटली. डेन्मार्कच्या नोव्होझाइम्स या कंपनीने हे मिश्रण २०१० मध्ये बाजारात आणले, ख्र. हान्सेन या कंपनीशी विलीनीकरण झाल्यापासून, म्हणजे २०२४ पासून, ती नोव्होनेसिस या नावाने ओळखली जाते. दोन हंगाम ही बाटली पुरवून वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. मत आधीच सांगून टाकतो : वस्तू उत्तम आहे, मात्र ज्या आकड्यावरून आपण अशा वस्तूंची तुलना करतो तो आकडा चिपाडाच्या कामी फारसा येत नाही.

बाटलीत दिसायला गडद तपकिरी, किंचित दाट द्रव असतो. आंबवणाच्या टाकीजवळ येतो तसा वास येतो, आणि हाताला लागला तर चिकटतो. शाळेत ‘विकर’ म्हणून जे शिकलो तेच हे, फक्त एक नव्हे तर अनेक. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. एंडोग्लुकनेज ही साखळी मधूनच कुठेही तोडते. सेलोबायोहायड्रोलेजचे दोन प्रकार तिच्या दोन टोकांकडून शिरून दोन-दोन कड्यांचे तुकडे, म्हणजे सेलोबायोज, सोडत जातात. आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करते. शेवटचे काम वरवर किरकोळ वाटते, पण सेलोबायोज साचत गेले की ते आधीच्या एन्झाइमांचाच मार्ग अडवते आणि सगळा कारभार मंदावतो. याखेरीज हेमिसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजच्या भोवती असणाऱ्या दुसऱ्या साखरसाखळ्या, फोडणारी झायलनेजे आणि एलपीएमओ या गटातली, तांब्याचा अणू धारण करणारी एन्झाइमे या मिश्रणात असतात. पूर्ण घटकसूची कंपनी जाहीर करीत नाही, आणि संशोधनासाठी वापरणाऱ्याला ते काहीसे खटकते. आपण नेमके काय मोजतो आहोत हे पूर्णपणे ठाऊक नसताना मोजावे लागते.

या मिश्रणामागची बुरशी मात्र सर्वांच्या परिचयाची आहे आणि तिची कथा सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापडी साहित्य झपाट्याने कुजत असे. अशाच कुजक्या कापडावरून वेगळ्या केलेल्या एका बुरशीला क्यूएम६ए असा क्रमांक मिळाला. त्यातली ‘क्यूएम’ ही अक्षरे सैन्याच्या क्वार्टरमास्टर खात्याची. मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक येथे सैन्याच्याच प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि पुढे रीस यांच्याच नावावरून तिचे ट्रायकोडर्मा रीसाय असे नामकरण झाले. रटगर्स विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस उत्परिवर्तनातून तयार झालेला रट-सी३० हा तिचा वाण कितीतरी अधिक प्रथिन बाहेर टाकतो, कारण ग्लुकोज उपलब्ध असले की सेलुलेज बनवणे थांबवा असा जो संकेत मूळ बुरशीत असतो तो या वाणात मोडलेला आहे. कापडाचा शत्रू म्हणून पकडलेली बुरशी अशा रीतीने कारखान्यात कामाला लागली. २००८ मध्ये तिच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा एवढ्या नामांकित बुरशीकडे सेल्युलोज फोडणारी जनुके अपेक्षेपेक्षा कमीच आहेत हे पाहून अभ्यासक चकित झाले. थोडक्यात, तिच्याकडे हत्यारे मोजकी आहेत, पण तीच ती मुबलक बनवते.

पुनर्संयोजित तंत्राचे, म्हणजे एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवण्याच्या तंत्राचे, महत्त्व येथे येते. ट्रायकोडर्माची बीटा-ग्लुकोसिडेज फार तुटपुंजी असते. पूर्वी प्रयोगशाळांमध्ये सेलुक्लास्ट आणि नोव्होझाइम १८८ या दोन वेगवेगळ्या बाटल्या आणून एकत्र करीत. पहिलीत ट्रायकोडर्माचे सेलुलेज आणि दुसरीत अॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे बीटा-ग्लुकोसिडेज. नंतर दुसऱ्या बुरशीचे जनुक ट्रायकोडर्मातच बसवले गेले आणि एकाच टाकीत दोन्ही गोष्टी बनू लागल्या. तसेच एलपीएमओचे. या कुळाला पूर्वी जीएच६१ म्हणत आणि त्याचे नेमके काम कोणालाच कळले नव्हते. २०१० मध्ये नोव्होझाइम्सच्या शास्त्रज्ञांनी थर्मोअॅस्कस ऑरँटियाकस या उष्णताप्रिय बुरशीतले असे एक जनुक ट्रायकोडर्मात घातले, तर तेवढ्याच साखरीकरणाला, म्हणजे सेल्युलोज फोडून साखर करण्याला, लागणारे प्रथिन निम्म्यावर आले. त्याच वर्षी नॉर्वेतील संशोधकांनी या प्रकारचे प्रथिन कायटिनची (कीटकांच्या कवचातल्या पदार्थाची) साखळी ऑक्सिडीकरणाने तोडते हे दाखवले, आणि वर्षभरात जीएच६१ चीही तीच रीत असल्याचे सिद्ध झाले. पाण्याने तोडणारी एन्झाइमे सर्वांना माहीत होती. ऑक्सिजनच्या साहाय्याने स्फटिकासारख्या घट्ट सेल्युलोजला चीर पाडणारी ही नवी जात होती. सीटेक२ त्याच काळातले असल्यामुळे या शोधाचा लाभ त्यात उतरलेला आहे आणि आमच्या फ्लास्कमध्येही तो दिसला. त्याविषयी पुढे लिहितो.

आता एककाविषयी. सेलुलेजची ताकद ‘एफपीयू’ म्हणजे फिल्टर पेपर युनिटमध्ये सांगण्याची पद्धत आहे, आणि आपल्याकडच्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या मोजणीची आंतरराष्ट्रीय रीत १९८७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतील टी. के. घोष यांनी नोंदवली आहे. व्हॉटमन क्रमांक १ च्या गाळणकागदाची १ सेंमी रुंद आणि ६ सेंमी लांब पट्टी घ्यायची, तिचे वजन सुमारे ५० मिलिग्रॅम भरते. ती ५० अंश सेल्सियसला, ४.८ पीएचच्या सायट्रेट द्रावणात ६० मिनिटे एन्झाइमसोबत ठेवायची; नेमकी २ मिलिग्रॅम साखर सुटेल एवढे एन्झाइम पातळ करून शोधायचे, आणि ०.३७ ला त्या प्रमाणाने भागायचे. रीत चोख आहे, पण तिचा कागद कापसाच्या तंतूंचा आहे. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ, नाही, हेमिसेल्युलोज जवळपास नाही. सुती तंबूंवरून पकडलेल्या बुरशीची परीक्षा कापसाच्याच कागदावर, तीही एक तासाची. चिपाडात मात्र कोरड्या वजनाच्या साधारण ४० टक्के सेल्युलोज, २५ टक्के हेमिसेल्युलोज आणि २० टक्क्यांच्या आसपास लिग्निन असते, आणि तिथले काम तासाभराचे नसून तीन दिवसांचे असते. म्हणून दोन बाटल्यांवरचे एफपीयू शेजारी ठेवून स्वस्त कोणती ते ठरवणे म्हणजे कागदी घोडे नाचवणे. आम्हीही सुरुवातीला तेच केले.

झाले असे की सीटेक२ च्या जोडीला आम्ही आणखी एक एन्झाइम घेतले होते. इचलकरंजीत सुती कापडावरची लव काढण्यासाठी प्रक्रिया-गिरण्यांमध्ये सेलुलेज वापरतात, ते सहज आणि स्वस्तात मिळते. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण दोष वस्तूचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. रुपयामागे एकके मोजली तर ते परवडणारे वाटले. पण कापडावरच्या एन्झाइमचे काम कापड गुळगुळीत करण्याचे, ते विरघळवण्याचे नव्हे. त्यात एंडोग्लुकनेज भरपूर आणि टोकाकडून सोलत जाणारी एन्झाइमे मुद्दामच कमी असतात. परिणामी त्याने आमच्या चिपाडाचा लगदा पहिल्या काही तासांत मऊ केला, आणि नंतर तो जवळजवळ तसाच राहिला. तीन दिवसांनी त्यातली ग्लुकोज सीटेक२ च्या फ्लास्कमधल्या ग्लुकोजच्या पाव हिश्श्यालाही पोहोचली नव्हती, आणि दोन्ही फ्लास्कमध्ये एकके समान टाकली होती.

बाटली येण्याचीही एक कथा आहे आणि पुढे कोणी मागवणार असेल त्याने ती लक्षात ठेवावी. आमचा पुरवठादार कंपनीचा नव्हे, मधला रसायन-विक्रेता. त्याने मे महिन्याच्या भर दुपारी, बर्फाशिवाय, थर्माकोलच्या रिकाम्या पेटीत बाटली पाठवली, आणि ती पेटी फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या खोलीत दीड दिवस पडून राहिली. हे द्रव मिश्रण २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. चाचणी घेतल्यावर बाटली शाबूत निघाली हे आमचे नशीब आणि काही प्रमाणात उत्पादकाचे कसब, कारण अशा मिश्रणांत प्रथिने टिकावीत म्हणून स्थिरक घातलेले असतात. पण त्या स्थिरकांनीच पुढे एक घोळ घातला. मिश्रणात मुळातच काही साखर असते, त्यामुळे चिपाड न घालता फक्त एन्झाइम ठेवलेला कोरा फ्लास्क सोबत लावला नाही, तर ती साखर आपण चिपाडाच्या खात्यावर जमा करतो. पहिल्या दोन चाचण्यांचे आमचे आकडे याच कारणाने फुगलेले होते. त्यानंतर कोरा फ्लास्क कधी चुकवला नाही, आणि डीएनएस रसायनाने सगळी क्षपणक साखर मोजण्याऐवजी, रक्तातली साखर मोजायला पॅथॉलॉजीवाले वापरतात त्या जीओडी-पीओडी संचाने केवळ ग्लुकोज मोजू लागलो. आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेला हा मार्ग स्वस्त आणि पुरेसा अचूक पडतो.

खऱ्या परीक्षेला लागण्याआधी चिपाडाची पूर्वप्रक्रिया करावी लागते. कच्च्या चिपाडावर हे मिश्रण ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आम्ही दोन रीती करून पाहिल्या : सौम्य सल्फ्युरिक आम्लात ऑटोक्लेव्ह करणे (दाबाखालच्या वाफेत शिजवणे) आणि सौम्य कॉस्टिक सोड्यात ऑटोक्लेव्ह करणे. आम्लाने हेमिसेल्युलोज विरघळून जाते, लिग्निन मात्र जागच्या जागी राहते. सोड्याने लिग्निनचा मोठा भाग निघून जातो. सोड्याच्या लगद्यावर, ५ टक्के घनपदार्थ ठेवून, ५० अंश आणि ५ पीएचला सीटेक२ ने ७२ तासांत सेल्युलोजच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भागाची ग्लुकोज करून दिली. आम्लाच्या लगद्यावर तेवढ्याच मात्रेत ती निम्म्याच्या थोडी पुढे सरकली. फरकाचे कारण एन्झाइम नसून लिग्निन आहे : ते प्रथिनांना स्वतःला चिकटवून घेते आणि मग ती सेल्युलोजपर्यंत पोहोचतच नाहीत. ट्वीन २० सारखा पृष्ठक्रियाशील पदार्थ थोडासा घातला की काही अंशी सुटका होते, हे आम्हीही अनुभवले. आम्लाचा लगदा धुवून घेतला तर आणखी बरे, कारण फरफ्युरल आणि फिनॉलयुक्त पदार्थ पुढे यीस्टलाही सतावतात. पण प्रयोगशाळेत धुण्याचे पाणी नळातून येते, कारखान्यात त्याचे सांडपाणी होते, हे विसरून चालत नाही.

पण ५ टक्के घनपदार्थाचा प्रयोग हा विद्यार्थ्यांचा प्रयोग आहे, आणि बाजारात जिथे जिथे अशा एन्झाइमची स्तुती वाचाल तिथे हा आकडा आधी शोधावा. हिशेब सोपा आहे. एक किलो सेल्युलोजमधून पाणी जोडले जाऊन १.११ किलो ग्लुकोज मिळते, आणि किलोभर ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ०.५१ किलो इथेनॉल. लगद्यात ६० टक्के सेल्युलोज धरले, तर ५ टक्के घनपदार्थातून सगळी ग्लुकोज सुटली तरी रसात ३.३ टक्के साखर आणि आंबवल्यावर पावणेदोन टक्क्यांच्या आत इथेनॉल. एवढ्या पातळ वॉशचे, म्हणजे आंबवलेल्या रसाचे, ऊर्ध्वपातन करायला लागणारी वाफच डिस्टिलरीला महाग पडेल. वजनी ४ टक्क्यांच्या वर इथेनॉल असल्याखेरीज स्तंभ पेटवू नये असा या क्षेत्रातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यासाठी घनपदार्थ २० टक्क्यांच्या आसपास न्यावे लागतात.

आणि २० टक्क्यांवर चित्र पालटते. एवढ्या प्रमाणात चिपाडाचा लगदा टाकला की सगळे पाणी तोच पिऊन घेतो. फ्लास्कमध्ये द्रव असा उरतच नाही, ओल्या पोह्यांसारखा गोळा असतो आणि साधा शेकर तो नुसता इकडून तिकडे ढकलतो. हाताने ढवळून एन्झाइम मिसळावे लागले. सीटेक२ विषयीची माझी सर्वांत अनुकूल नोंद याच प्रयोगातली आहे : बारा तासांच्या आत तो गोळा खळीसारखा सैल झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क हलवला तेव्हा आतला पदार्थ आवाज करीत वाहत होता. पातळ होण्याची ही गती कारखान्याच्या दृष्टीने अंतिम साखरेइतकीच महत्त्वाची आहे, कारण पंप आणि ढवळणी यांना गोळा चालत नाही, आणि एफपीयूच्या आकड्यात तिचा पत्ताही नसतो. लगदा तीन हप्त्यांत टाकला तर काम आणखी सुकर झाले. मात्र साखरीकरणाचा अंतिम टक्का ५ टक्के घनपदार्थाच्या तुलनेत ठळकपणे घसरला, आणि ही घसरण या मिश्रणाचाच दोष नसून घनपदार्थ वाढवले की सर्वत्र दिसते : साचलेली ग्लुकोज बीटा-ग्लुकोसिडेजला दाबते, मोकळे पाणी कमी पडते आणि एन्झाइम लिग्निनच्या गर्दीत अडकून राहते.

ऑक्सिजनचा प्रयोग आम्ही कुतूहलापोटी केला. एका फ्लास्कमध्ये नायट्रोजन भरून तो घट्ट बंद केला, दुसरा हवेला मोकळा ठेवला. पहिल्या दिवशी दोघे बरोबरीत होते, दुसऱ्या दिवसापासून मोकळा फ्लास्क पुढे निघाला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. एलपीएमओला ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन देणारा कोणीतरी लागतो. चिपाडात उरलेले लिग्निनच ते इलेक्ट्रॉन पुरवते, म्हणजे एका बाजूने अडवणारे लिग्निन दुसऱ्या बाजूने मदतही करते. या गोष्टीचा व्यवहारात मोठा अर्थ आहे. साखरीकरण आणि आंबवण एकाच टाकीत एकाच वेळी करण्याची पद्धत ग्लुकोज साचू देत नाही म्हणून पूर्वी श्रेयस्कर मानली जात असे. पण यीस्ट टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन आधीच संपवते आणि एलपीएमओ उपाशी राहते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ मध्ये याच घराण्यातल्या मिश्रणांवर हे दाखवून दिले, आणि नव्या मिश्रणांसाठी साखरीकरण आधी, आंबवण नंतर अशी वेगळी विभागणी बरी असा त्यातून बोध निघतो. या सोयीची किंमतही असते : ऑक्सिडीकरणामुळे थोडी ग्लुकोज ग्लुकोनिक आम्लात जाते आणि यीस्ट ते आंबवत नाही.

हेच एन्झाइम आपण का बनवू नये, असा प्रश्न आमच्या बैठकीत एका संचालकांनी विचारला, आणि तो गैरलागू नव्हता. बीटा-ग्लुकोसिडेजचे एखादे जनुक पिकिया या यीस्टमध्ये बसवून मिथेनॉलच्या इशाऱ्यावर ते बनवून घेणे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही जमते. पण ते एक एन्झाइम झाले. चिपाडाला टोळी लागते, आणि टोळीतल्या प्रत्येकाचे प्रमाण जुळावे लागते. शिवाय जनुकबदल केलेला जीव हाताळायचा म्हणजे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम, संस्थात्मक जैवसुरक्षा समिती आणि तिची परवानगी हे सगळे आले. बाटलीतून आलेल्या एन्झाइममध्ये जिवंत बुरशी नसते, त्यामुळे तो भार वापरणाऱ्यावर पडत नाही. याचा अर्थ आपल्याकडे कोणी प्रयत्न करीत नाही असा नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातला पेनिसिलियम फ्युनिक्युलोसमचा एनसीआयएम १२२८ हा वाण दिल्लीच्या आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रातील गटाने निवडला, त्याच्यात जनुकीय बदल केले आणि त्याच्यापासून सेलुलेज-मिश्रण विकसित केले. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेतही जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००८ पासून याच विषयासाठी स्वतंत्र केंद्र आहे. त्यांची मिश्रणे आमच्या चिपाडावर चालवून पाहण्याची संधी मिळाली, तर हेच परीक्षण पुन्हा लिहावे लागेल आणि ते आनंदाने लिहीन.

उरला जमाखर्च, आणि या बाबतीत बाटलीच्या किमतीवरून काहीही ठरवू नये. प्रयोगशाळेला विकल्या जाणाऱ्या लहान बाटलीचा दर आणि कारखान्याला टँकरने दिला जाणारा दर यांचा एकमेकांशी संबंध नसतो. त्याऐवजी प्रथिनाचा हिशेब करावा. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्रॅममागे २० मिलिग्रॅम प्रथिन घातले आणि साखरीकरण व आंबवण मिळून ८० टक्के उतारा पडला असे धरले, तर लिटरभर इथेनॉलसाठी सुमारे ३५ ग्रॅम प्रथिन खर्ची पडते. मक्याच्या स्टार्चपासून इथेनॉल करणाऱ्यांना लागणारे एन्झाइम याच्या जवळपासही फिरकत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या साहाय्याने २००० नंतरच्या काही वर्षांत नोव्होझाइम्स आणि जेनेनकोर या दोन कंपन्यांनी एन्झाइमचा खर्च अनेक पटींनी खाली आणला, नोव्होझाइम्सने तर तीसपट घट झाल्याचे जाहीर केले. गॅलनमागे काही सेंट एवढाच खर्च उरला असे नंतर सर्रास लिहिले जाऊ लागले. पण २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उत्पादनाचा मूळापासून हिशेब मांडला तेव्हा तो आकडा उतारा आदर्श धरल्यास गॅलनला ६८ सेंट आणि प्रत्यक्षातले उतारे धरल्यास १ डॉलर ४७ सेंट निघाला. माझा कल या दुसऱ्या हिशेबाकडे आहे, कारण आमच्या फ्लास्कमधला उतारा आदर्शाच्या बराच खाली होता.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभवही सावध करणारा आहे. इटलीतील क्रेसेंटिनो येथे २०१३ मध्ये उघडलेला आणि नोव्होझाइम्सचा सहभाग असलेला कारखाना २०१७ मध्ये थांबला. रुमानियातील पोडारी येथे क्लॅरियंट या स्विस कंपनीने गव्हाच्या काडासाठी प्रकल्प उभारला होता आणि एन्झाइम त्याच आवारात बनवण्याची सोय केली होती; तो बंद करण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला. हे अपयश एन्झाइमच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. काड गोळा करणे, त्यातली माती आणि खडे, पूर्वप्रक्रियेच्या पात्रात कोंबण्याची यंत्रे, अशा रुक्ष गोष्टींनीच या उद्योगाला जेरीस आणले आहे. आपल्याकडे पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल ही त्याची आखलेली क्षमता, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. पेंढा शेताशेतातून उचलून आणावा लागतो. साखर कारखान्यात चिपाड आपसूक दारात येते, धुतलेले आणि कुटलेले येते, हा आपला फायदा; आणि त्याला बॉयलरचे गिऱ्हाईक आधीच बांधलेले आहे, ही आपली अडचण. एक टन कोरड्या चिपाडातल्या ४०० किलो सेल्युलोजमधून सैद्धांतिक कमाल २८७ लिटर इथेनॉल निघते. त्यातले प्रत्यक्षात हाती येणारे लिटर आणि त्याच टनाची बॉयलरमधून मिळणारी वीज यांची तुलना करूनच आमच्या व्यवस्थापनाने तूर्त प्रकल्प पुढे न नेण्याचे ठरवले. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि तो घेता आला याचे श्रेय या बाटलीलाच जाते, कारण वाईट एन्झाइम वापरले असते तर दोष कोणाचा हेच कळले नसते.

कोणी घ्यावे? ज्याला स्वतःच्या काडाकचऱ्यातून, मग तो चिपाडाचा असो, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा असो की भाताच्या पेंढ्याचा, जास्तीत जास्त किती साखर निघू शकते याची विश्वासार्ह वरची मर्यादा हवी आहे, त्याने डोळे झाकून घ्यावे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी स्वतः बनवलेल्या एन्झाइमशी तुलना करायलाही याच्याइतका चांगला मापदंड नाही; जगभरच्या निबंधांत तेच वापरलेले असल्यामुळे आपले आकडे दुसऱ्यांच्या शेजारी ठेवता येतात. २०१२ मध्ये आलेले सीटेक३ अधिक कार्यक्षम असल्याचा कंपनीचा दावा आहे, पण आम्ही ते वापरलेले नाही. एकेका एन्झाइमचा स्वतंत्र अभ्यास ज्यांना करायचा आहे त्यांना हे मिश्रण निरुपयोगी आहे. आणि कोणीही घेतले तरी मात्रा एफपीयूत न लिहिता सेल्युलोजच्या ग्रॅममागे प्रथिनाच्या मिलिग्रॅममध्ये लिहावी, प्रथिन कोणत्या पद्धतीने मोजले तेही लिहावे, कारण ब्रॅडफर्ड आणि बीसीए या दोन पद्धती एकाच बाटलीसाठी वेगवेगळे आकडे देतात.

आमच्या बाटलीत आता तळाला चार बोटे द्रव उरला आहे. पुढची बाटली जानेवारीत, थंडी असताना मागवणार आहोत, विक्रेत्याकडून उत्पादनाची तारीख आणि बर्फाची लेखी हमी घेऊन, आणि आल्या दिवशीच ती लहान बाटल्यांत वाटून शीतकपाटात ठेवणार आहोत. उरलेले चार बोटे द्रव एका कामासाठी राखून ठेवले आहे : आवारात पावसाळाभर भिजलेल्या ढिगातले चिपाड आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यातले ताजे चिपाड, या दोहोंतून सारख्याच मात्रेत किती किती साखर सुटते ते पाहायचे आहे.